हळू सिग्नल मोजायचाय? मग मेगाहर्ट्झ बाजूला ठेवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन येवो, नाहीतर प्रोजेक्टच्या घाईतली शेवटच्या वर्षाची पोरं येवोत, तक्रार ठरलेली असते. "सर, ऑसिलोस्कोप नवा घेतलाय, शंभर मेगाहर्ट्झचा. सेन्सरला सप्लाय आहे. पण स्क्रीनवर सरळ रेष." मी विचारतो, यंत्र किती फिरतं? "मिनिटाला पाच फेरे." म्हणजे एक फेरा बारा सेकंदांचा. कपलिंग कशावर आहे? "एसीवर." झालं, गाडी तिथंच रुतलेली असते: एसी कपलिंग इतका हळू सिग्नल आत येऊच देत नाही.

१० हर्ट्झच्या खालचे, त्यातही १ हर्ट्झच्या खालचे सिग्नल मोजायचे असतील तर दुकानदार जे आकडे पुढं करतो ते जवळपास सगळे बिनकामाचे. बँडविड्थ, गिगासँपल, राइझ टाइम ही वरच्या टोकाची मापं. आपल्याला खालचं टोक हवं, आणि ते डेटाशीटच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. उपकरणाचं नाव सातव्या टप्प्यात येतं. बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात आणि मग मागं मागं येत बसतात.

## टप्पा १: सिग्नल सेकंदांत मांडा

कागद घ्या. हर्ट्झ नंतर लिहा, आधी एका आवर्तनाला किती सेकंद लागतात ते लिहा. "०.०८३ हर्ट्झ" वाचून काहीच डोळ्यांपुढं येत नाही. "१२ सेकंद" म्हटलं की नोंद किती वेळ घ्यावी लागणार याचा अंदाज लगेच बसतो.

आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ. धोट्याचा साधा यंत्रमाग मिनिटाला १५० पिक (आडव्या धाग्याचे फेरे) मारत असेल तर क्रँकशाफ्टचे २.५ हर्ट्झ झाले, आवर्तन ०.४ सेकंदाचं. पण खालचा शाफ्ट दोन पिकांत एकदाच फिरतो, आणि धोटा एकदा डावीकडून सुटतो, एकदा उजवीकडून. दोन्ही फटके कधीच अगदी सारखे नसतात, म्हणून १.२५ हर्ट्झलाही शिखर दिसतं. वर जॅकार्ड चढवलेला असेल आणि नक्षी समजा ६०० पिकांनी परत येत असेल, तर ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) ताणात चार मिनिटांचं आवर्तनही सापडू शकतं. एकाच मागावर ०.४ सेकंद आणि २४० सेकंद. यातलं नेमकं कोणतं हवंय ते आधी ठरवा, कारण सेन्सर आणि नोंदीची लांबी त्यावर बदलते.

साखर कारखान्यातला मिलचा रोलर मिनिटाला पाच फेरे घेत असेल तर १२ सेकंद. कूलिंग टॉवरचा पंखा १२० फेऱ्यांचा असेल तर अर्धा सेकंद.

आवर्तनाशेजारी आणखी चार गोष्टी लिहा: सिग्नलचा अपेक्षित मोठेपणा मिलिव्होल्टमध्ये, तो ज्याच्यावर बसलाय तो स्थिर व्होल्टेज, सेन्सरचा आउटपुट इम्पीडन्स, आणि आजूबाजूला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), कॉन्टॅक्टर, वेल्डिंग असं काय काय आहे. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ४ ते २० मिलिअँपचा ट्रान्समीटर २५० ओहमच्या रोधावर वाचला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. तुमची बारा सेकंदांची लाट असते १० मिलिव्होल्टची, आणि ती बसलेली असते ३ व्होल्टच्या डोक्यावर. पुढची निम्मी डोकेदुखी याच एका आकड्यामुळं आहे.

इशारा: "व्हीएलएफ" हा शब्द वापरून चौकशी करू नका. रेडिओवाल्यांच्या भाषेत व्हीएलएफ म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झ. आपल्या हिशेबात ते भलतंच वेगवान. केबल तपासणाऱ्या वीज ठेकेदाराला व्हीएलएफ म्हटलं की ०.१ हर्ट्झचा हाय व्होल्टेज टेस्ट सेट आठवतो. ५० हर्ट्झच्या मानानं ०.१ हर्ट्झला लांब केबल चार्ज करायला पाचशेपट कमी करंट लागतो, म्हणून तो वापरतात. पण तो केबलवर हजारो व्होल्ट सोडणारा सोर्स आहे, सिग्नल वाचणारं यंत्र नव्हे. मला स्वतःला एकदा या शब्दावर भलतंच कोटेशन आलं होतं, किंमत बघून घाम फुटला. "०.०५ ते १० हर्ट्झ, डीसी कपल्ड इनपुट" असं सरळ लिहून विचारा.

## टप्पा २: सेन्सर खालपर्यंत पोचतो का?

उपकरण कितीही भारी घ्या, सेन्सरच सिग्नल देत नसेल तर ते काय वाचणार?

कंपन म्हटलं की हात ॲक्सेलरोमीटरकडं जातो. इथं थोडं गणित करा. हालचाल तेवढीच ठेवून वारंवारिता कमी केली तर त्वरण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. १ मिलिमीटरची हालचाल २.५ हर्ट्झला सुमारे ०.२५ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण देते, म्हणजे साधारण २५ मिलि-जी. हे कोणीही मोजेल. तीच १ मिलिमीटर ०.१ हर्ट्झला देते जेमतेम ४० मायक्रो-जी. सेन्सर किंचित कलला तरी यापेक्षा मोठा आकडा येतो.

म्हणून साधा नियम असा: १ हर्ट्झच्या वर त्वरण मोजा, खाली सरळ विस्थापन मोजा. रोलरची उचल बघायची तर एलव्हीडीटी किंवा प्रॉक्सिमिटी प्रोब लावा. मागाच्या फ्रेमसाठी ॲक्सेलरोमीटर चालेल, फक्त कोणत्या जातीचा ते बघा. आयईपीई जातीचे (आतच अँप्लिफायर असलेले पायझो) सेन्सर बहुधा ०.५ हर्ट्झच्या आसपास संपतात. मेम्स जातीचे (सिलिकॉन चिपवर घडवलेले) डीसीपर्यंत जातात, पण त्यांचा स्वतःचा नॉईज जास्त. ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची कंपनं मोजणारा सेन्सर) स्वस्त मिळतो म्हणून कोणी सुचवेल; ४.५ हर्ट्झच्या खाली त्याचा आउटपुट झपाट्यानं पडत जातो.

पोरांची आवडती पायझो चकती, ती बझरमधली २७ मिलिमीटरची, तिच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तिची कपॅसिटी साधारण २० नॅनोफॅरड असते. स्कोपच्या १ मेगाओहम इनपुटला ती जोडली की दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर, म्हणजे कटऑफच्या खालचे सिग्नल अडवणारा फिल्टर, तयार होतो; कटऑफ सुमारे ८ हर्ट्झ. दहापटीचा प्रोब लावला तर १० मेगाओहम होतात आणि कटऑफ ०.८ हर्ट्झवर येतो. म्हणजे कपलिंग डीसीवर ठेवूनही तुमचा हळू सिग्नल चकतीतच मरतो. हे कुठल्याच मेनूत दिसत नाही.

तपासा: सेन्सरच्या कागदावर "लो फ्रिक्वेन्सी लिमिट" शोधा आणि तो आकडा किती टक्के घट धरून दिलाय ते वाचा. ५ टक्क्यांचा ०.५ हर्ट्झ आणि ३ डीबीचा (म्हणजे सुमारे ३० टक्के घटीचा) ०.५ हर्ट्झ यांत बराच फरक आहे.

## टप्पा ३: कपलिंग, आणि "३ डीबी"चा खरा अर्थ

एसी कपलिंग म्हणजे इनपुटला ओळीत एक कपॅसिटर. साध्या स्कोपमध्ये त्याचा कटऑफ काही हर्ट्झपासून १० हर्ट्झपर्यंत कुठंही असतो. बारा सेकंदांचा सिग्नल तिथून पार होणार नाही. साउंड कार्डाचं तेच: आवाजासाठी बनवलेलं, डीसी अडवणारं. रेडिओवाल्यांच्या व्हीएलएफसाठी साउंड कार्ड छान चालतं, म्हणून इंटरनेटवर वाचून लोक तेच इकडं लावतात.

कटऑफ म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक, असं समजू नका. कटऑफच्या जागीच ३० टक्के सिग्नल गेलेला असतो आणि फेज ४५ अंश सरकलेला असतो. घट ५ टक्क्यांत ठेवायची तर सिग्नल कटऑफच्या तिप्पट वर हवा. १ टक्क्यात ठेवायची तर सातपट. म्हणजे ०.५ हर्ट्झ कटऑफचं कार्ड १ टक्का अचूकतेनं ३.५ हर्ट्झपासून पुढंच वापरता येतं. मागाचे २.५ हर्ट्झसुद्धा त्यात बसत नाहीत!

मग डीसी कपलिंग करा, म्हणजे तो कपॅसिटर बाजूला. केलं की पहिल्या टप्प्यातला तो ३ व्होल्टचा डोंगर समोर येतो. साधा स्कोप ८ बिटांचा असतो. १ व्होल्ट प्रति चौकटीवर पूर्ण पडदा ८ व्होल्टचा, त्याचे २५६ भाग केले की एक पायरी ३१ मिलिव्होल्टची. तुमची १० मिलिव्होल्टची लाट एका पायरीतच गुडूप. लोक एसी कपलिंगकडं पळतात ते याच कारणानं. त्यांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. यातून सुटायचे दोन रस्ते आहेत: स्कोपच्या ऑफसेट नॉबनं ३ व्होल्ट वजा करून व्होल्ट प्रति चौकट खाली आणणं, किंवा सरळ १६ ते २४ बिटांचं डीसी कपल्ड इनपुट घेणं. पहिल्यात अडचण अशी की बऱ्याच स्कोपना बारीक रेंजवर तेवढा ऑफसेट देताच येत नाही. डेटाशीटमध्ये "ऑफसेट रेंज" हा तक्ता असतो, तो रेंजनिहाय वाचा.

इशारा: मल्टीमीटरच्या एसी रेंजवर विसंबू नका. हातातले ट्रू आरएमएस मीटर साधारण ४०-४५ हर्ट्झच्या पुढंच अचूक असतात. टेबलावरचे चांगले मीटर हळू फिल्टर लावून ३ हर्ट्झपर्यंत येतात. त्याखाली डीसी रेंज लावायची आणि वाचन वेळेसोबत नोंदवत जायचं.

## टप्पा ४: नमुना दर, आणि मिलच्या रोलरवरचं भूत

हा टप्पा दोनदा वाचा. इथली चूक सगळ्यात महाग पडते, कारण इथं सरळ रेष दिसत नाही, सुंदर लाट दिसते. फक्त ती खोटी असते.

गळीत हंगामात एका कारखान्यात मी रोलरची उचल मोजत होतो. बारा सेकंदांचं आवर्तन, मग सेकंदाला दोन नमुने पुरे, एका फेऱ्यात चोवीस बिंदू मिळतात असा माझा हिशेब. एफएफटीत, म्हणजे सिग्नल वारंवारितांमध्ये फोडून दाखवणाऱ्या आलेखात, ०.०८ हर्ट्झला टोकदार शिखर आलं. रोलर विकेंद्री आहे असं सांगून मी मोकळा झालो. दुपारी मिल सफाईसाठी थांबली, लॉगर चालूच राहिला. रोलर थांबला होता आणि शिखर तिथंच होतं! पुढच्या अर्ध्या तासात ते ०.०८ वरून ०.०५ कडं सरकत गेलं.

झालं होतं ते असं. सेन्सरच्या तारेवर मेन्सचा हम येत होता. आपल्या ग्रिडची वारंवारिता अगदी ५० वर नसते, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा तिचा ठरलेला पट्टा. सेकंदाला दोन नमुने घेतले की ४९.९२ हर्ट्झचा हम ५० पासून जितका दूर, तितक्या जागी दुमडून बसतो: ०.०८ हर्ट्झ. दर १ असो, २, ५, १० किंवा २५ असो, ५० ला निःशेष भागणारा कुठलाही दर घ्या, मेन्सचं भूत ० ते ०.१ हर्ट्झमध्येच येऊन बसणार. आणि नेमका तोच पट्टा आपण बघत असतो.

आता उपाय, क्रमानं.

१. आधी ॲनालॉग फिल्टर. नमुना घेण्याआधी एक रोध आणि एक कपॅसिटर. ३९ किलोओहम आणि छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर काम भागतं. पंख्याचा कपॅसिटर फिल्म जातीचा असतो, गळती नगण्य, आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. इलेक्ट्रोलिटिक वापरू नका, त्याची गळती तापमानाबरोबर बदलते. या जोडीचा कटऑफ १.६ हर्ट्झ, ५० हर्ट्झचा हम सुमारे ३० पटींनी घटतो आणि ०.०८ हर्ट्झला धक्काही लागत नाही. पुढच्या उपकरणाचा इनपुट १ मेगाओहम असेल तर वाचन ४ टक्के कमी दिसेल, तेवढं दुरुस्त करून घ्या. मागाच्या २.५ हर्ट्झसाठी मात्र ही जोडी चालणार नाही, ती सिग्नलच खाईल.

२. मग वेगानं नमुने घ्या. सिग्नल हळू आहे म्हणून नमुने हळू घेऊ नका. सेकंदाला १००० घ्या, संगणकावर डिजिटल फिल्टर लावा, आणि त्यानंतरच संख्या कमी करा. चार बाइटांचा एक नमुना धरला तरी तासाला १४ एमबीच होतात. जागेचं रडगाणं नको.

३. मीटर वापरत असाल तर एनपीएलसी. टेबलावरच्या मीटरमध्ये मोजण्याचा काळ मेन्सच्या आवर्तनांत देता येतो. १ म्हणजे २० मिलिसेकंद, १० म्हणजे २०० मिलिसेकंद. पूर्ण आवर्तनांवर सरासरी निघाली की हम बहुतांश आपोआप कटतो. जुनं आयात केलेलं मीटर असेल तर ते ६० हर्ट्झवर सेट नाही ना, ते बघा.

व्हीएफडीचा किलोहर्ट्झमधला कचराही याच पद्धतीनं दुमडून खाली येतो. त्याला पहिला उपाय पुरेसा आहे, तो टाळू नका.

तपासा: संशय आला की नमुना दर २ चा ३ करा. खरं शिखर जागचं हलत नाही. ४९.९२ चं भूत ०.०८ वरून उडी मारून १.०८ हर्ट्झला जातं. दुसरी तपासणी त्याहून सोपी: यंत्र बंद करून दहा मिनिटं नोंद घ्या. ती मी त्या दिवशी सकाळीच घ्यायला हवी होती.

## टप्पा ५: नोंद किती लांब?

एफएफटीत दोन शिखरं वेगळी दिसायची तर नोंदीचा काळ किमान त्यांच्या अंतराच्या व्यस्ताइतका हवा. एक रोलर मिनिटाला ५ फेरे आणि शेजारचा ५.२ फेरे घेत असेल तर अंतर ०.००३३ हर्ट्झ, म्हणजे किमान ३०० सेकंद. हॅनिंग विंडो (नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्याकडं नेणारी) लावली की शिखर रुंद होतं, म्हणून दुप्पट, ६०० सेकंद धरा. आठ सरासऱ्या ५० टक्के ओव्हरलॅपनं घेतल्या तर एकूण ४५ मिनिटं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उपकरणाची मेमरी किंवा संगणकाकडं सलग नोंद पाठवायची सोय ४५ मिनिटं पुरली पाहिजे. "इतके मेगापॉइंट मेमरी" असं लिहिलेलं असलं तरी तुमच्या नमुना दरानं भागून सेकंद काढा. दुसरी गोष्ट अशी की ४५ मिनिटं यंत्राचा वेग स्थिर राहिला पाहिजे, आणि उसाची आवक कमीजास्त झाली की मिलचा वेग हलतो. मग शिखर पसरट येतं आणि दोष उपकरणाला दिला जातो. शाफ्टवर एक प्रॉक्सिमिटी स्विच लावून फेऱ्याचा पल्स दुसऱ्या चॅनेलवर नोंदवा. म्हणून किमान दोन चॅनेल, दोन्हींचे नमुने एकाच क्षणी घेतलेले.

स्कोप वापरणाऱ्यांनी रोल मोड (ट्रिगरची वाट न बघता रेष सलग सरकवत दाखवणारा) आहे का ते बघायचं. १० सेकंद प्रति चौकटीवर साधा ट्रिगर लावला आणि तो मध्यभागी असला तर आधीचा अर्धा पडदा भरायलाच मिनिट जातं. तोवर माणूस "हँग झाला" म्हणून बटणं दाबत सुटतो.

एफएफटीआधी सरासरी आणि सरळ रेषेतला उतार वजा करा. नाहीतर पहिल्या काही खान्यांत एवढा ढीग साचतो की खरं शिखर त्याखाली गाडलं जातं.

## टप्पा ६: नॉईज, ड्रिफ्ट आणि सोलापूरचं ऊन

डेटाशीटमधला "१ किलोहर्ट्झला इतके नॅनोव्होल्ट" हा आकडा इथं कामाचा नाही. वारंवारिता खाली येईल तसा इलेक्ट्रॉनिक्सचा नॉईज वाढत जातो. तुम्हाला हवी ती ओळ "०.१ ते १० हर्ट्झ नॉईज, पीक टू पीक" अशी असते. जुना ओपी०७ ऑप-अँप या पट्ट्यात साधारण ०.३५ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणून इतक्या वर्षांनीही तो हळू कामाला वापरला जातो. ती ओळच छापलेली नसेल तर ते उपकरण या कामासाठी बनवलेलं नाही असं मी धरतो.

ड्रिफ्टचं, म्हणजे तापमानाबरोबर वाचन सरकण्याचं, गणित आपल्या गावाच्या हिशेबानं करा. उपकरणाची अचूकता बहुधा २३ अंशांच्या पाच अंश अलीकडं-पलीकडं दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश म्हणजे त्या मर्यादेच्या १४ अंश वर. अंशाला १० मायक्रोव्होल्टचा ड्रिफ्ट असेल तर १४० मायक्रोव्होल्ट शून्यच सरकलं. सकाळी शून्य केलेलं उपकरण दुपारी परत शून्य करा, आणि चालू केल्यावर अर्धा-पाऊण तास तापू द्या.

याहून चोरटा प्रकार जोडांमध्ये असतो. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापला-निवला की व्होल्टेज देतो. तांबं आणि सोल्डर अंशाला काही मायक्रोव्होल्ट देतात. तांबं आणि ऑक्साईड चढलेलं तांबं १००० मायक्रोव्होल्टपर्यंत. वर पंखा फिरत असेल तर वाऱ्याच्या झुळुकीनं हे जोड हळूहळू हलणारा, अगदी खऱ्यासारखा सिग्नल तयार करतात. टर्मिनल घासून साफ करा, दोन्ही तारा जवळजवळ ठेवा, आणि जोडावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून वर चादर टाका. चादरींच्या गावात तिला तोटा नाही, आणि मायक्रोव्होल्टच्या कामात ती महागड्या शिल्डपेक्षा जास्त उपयोगी पडलेली मी बघितली आहे. फक्त उपकरणाचे वारा घ्यायचे झरोके झाकू नका.

## टप्पा ७: आता उपकरण

इथवरचे आकडे कागदावर असतील तर निवड पाच मिनिटांची.

मिलिव्होल्टमधला, २ हर्ट्झच्या खालचा एकच सिग्नल, बजेट कमी: एडीएस१११५ चा छोटा बोर्ड आणि एक मायक्रोकंट्रोलर. १६ बिट, सेकंदाला ८ ते ८६० नमुने, ±४.०९६ व्होल्टच्या रेंजवर एक पायरी १२५ मायक्रोव्होल्टची. तुमची १० मिलिव्होल्टची लाट यात ८० पायऱ्यांची दिसते. स्कोपवर एक पायरीही मिळत नव्हती. तोटा असा की याचे चॅनेल एकामागून एक वाचले जातात, आणि इनपुट सप्लायच्या वर गेला की चिप जाते. कॉलेजच्या प्रोजेक्टला मी डोळे मिटून हाच सांगतो.

नोंद तासन् तास घ्यायची, बदल फार हळू: टेबलावरचं साडेसहा आकडी मीटर, डीसी रेंज, १० एनपीएलसी, संगणकाला जोडून. पाच सेकंदांपेक्षा मोठ्या आवर्तनांना हे उत्तम. जुनं चांगल्या स्थितीतलं मिळालं तर नव्या स्कोपऐवजी मी तेच घेईन.

कारखान्यातलं नेहमीचं काम, दोन ते चार चॅनेल: २४ बिटांचं डेटा अॅक्विझिशन मोड्यूल, सगळे चॅनेल एकाच वेळी नमुने घेणारं, आत चौथ्या टप्प्यातली भुतं अडवणारा अँटी-अलायझिंग फिल्टर असलेलं. विचारायचा प्रश्न एकच, आणि उत्तर लेखी घ्यायचं: "डीसी कपलिंग निवडता येतं का, आणि एसीवर कटऑफ किती?" उदाहरणार्थ एनआय ९२३४ मध्ये दोन्ही पर्याय आहेत, एसीवर कटऑफ ०.५ हर्ट्झ. पण त्याचा नमुना दर सेकंदाला १६५० च्या खाली जात नाही. चौथ्या टप्प्यानंतर ही तक्रार वाटू नये.

डायनॅमिक सिग्नल ॲनालायझर हे या कामाचं खरं यंत्र. डीसीपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत, आतच एफएफटी. ट्रान्सफर फंक्शन (आत दिलेल्या आणि बाहेर आलेल्या सिग्नलचं गुणोत्तर) रोज काढायची असेल तरच एवढे पैसे घाला.

स्कोप घ्यायचाच असेल तर १२ बिटांचा किंवा हाय-रेझोल्यूशन मोड असलेला, रोल मोडसह. बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झ असली काय आणि ५०० असली काय, इथं सारखीच. आरएफचा स्पेक्ट्रम ॲनालायझर मात्र नको. बरेचसे ९ किलोहर्ट्झच्या खाली बघतच नाहीत.

## टप्पा ८: अर्थिंग

डिफरन्शियल इनपुट (दोन तारांतला फरकच वाचणारं) असलेलंच घ्या. सेन्सर यंत्रावर, उपकरण टेबलावर, दोघांचं अर्थिंग वेगळं. त्यांच्यातला फरक हा पुन्हा ५० हर्ट्झच. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर काढल्यावर हम निम्मा होताना मी अनेकदा बघितलाय.

इशारा: हम जातो म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे महाभाग आपल्याकडं अजून आहेत. तसं केल्यावर प्रोबची ग्राउंड क्लिप जिवंत फेजला लागली तर स्कोपची अख्खी बॉडी जिवंत होते. मेन्सशी जोडलेलं काही मोजायचं असेल तर आयसोलेटेड मोड्यूल किंवा डिफरन्शियल प्रोब वापरा.

## टप्पा ९: पैसे देण्याआधी चार चाचण्या

सोबत न्यायचं सामान: दीड व्होल्टचा सेल, तांब्याचा तुकडा, ०.०१ हर्ट्झपर्यंत जाणारा छोटा सिग्नल जनरेटर, लॅपटॉप.

१. शॉर्ट. इनपुट तांब्याच्या तारेनं शॉर्ट करा, तुमच्या रेंजवर अर्धा तास नोंद घ्या. रेष जेवढी भटकली तेवढा तुमचा तळ. अपेक्षित सिग्नल त्याच्या किमान दहापट हवा.

२. सेल. डीसी कपलिंगवर सेल लावून दोन मिनिटं बघत राहा. रेष दीड व्होल्टवर टिकली पाहिजे. शून्याकडं ओसरू लागली तर मेनू काहीही म्हणो, आत कपॅसिटर आहे. दीडचे ०.५५ व्होल्ट व्हायला किती सेकंद लागले ते मोजा, ०.१५९ ला त्या सेकंदांनी भागलं की खरा कटऑफ मिळतो. ०.३२ सेकंद लागले तर ०.५ हर्ट्झ.

३. दोन वारंवारिता. जनरेटरनं तेवढ्याच मोठेपणाची साइन आधी ५ हर्ट्झला आणि मग तुमच्या वारंवारितेला द्या. दोन वाचनांत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जनरेटर स्वतःच खाली पडत नाही ना, ते मीटरच्या डीसी रेंजवर आधी बघून ठेवा.

४. भूत. इनपुटला दोन मीटरची उघडी तार लावून ती चार्जरजवळ ठेवा. तुमच्या नेहमीच्या दरानं दहा मिनिटं नोंद घ्या, एफएफटी काढा. ०.१ हर्ट्झच्या खाली काही उगवलं तर चौथ्या टप्प्यातला फिल्टर लागणार, त्याची किंमत आत्ताच हिशेबात धरा.

सगळं मिळून दीड तास जातो आणि दुकानदार मध्येच घड्याळ बघायला लागतो. पहिली चाचणी लावल्या लावल्या चहा सांगून ठेवा.